पुरुष नसबंदी : दहा मिनिटांची शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरचे तीन महिने (विशेष संदर्भ : सिंधुदुर्ग जिल्हा)

प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यापासून वेगळा झाला आणि कुडाळ तालुक्यातील ओरोस येथे सिंधुदुर्गनगरी हे त्याचे मुख्यालय वसविण्यात आले. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ इतकी खाली आली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया नोंदविल्या गेल्या. महाराष्ट्रात स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक असलेले दोनच जिल्हे त्या वेळी होते, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. याचे कारण कोकणी वाचकास सांगावयास नको. घरटी एक तरी पुरुष मुंबईस असतो, आणि गावचे घर, गुरे, शेती, सासूसासरे व मुले यांचा भार त्याच्या पत्नीवर असतो.

अशा जिल्ह्यात कुटुंब लहान ठेवावे हे कोणी कोणास पटवून देण्याची आवश्यकता फारशी उरलेली नाही. प्रश्न शिल्लक आहे तो शस्त्रक्रिया कोणी करून घ्यावयाची हा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ४९.१ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. ज्यांच्या पतीची नसबंदी झाली आहे अशा स्त्रिया होत्या ०.४ टक्के. म्हणजे साधारण १२० पत्नींमागे एक पती. दोन्ही शस्त्रक्रियांत सोपी, लहान आणि कमी धोक्याची शस्त्रक्रिया पुरुषाची आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. तरीही प्रमाण असे उलटे का, याची उत्तरे देताना सामान्यतः पुरुषी अहंकार, अज्ञान, अंधश्रद्धा अशी मोघम नावे घेतली जातात. ती सर्वस्वी चुकीची नाहीत. तथापि त्यांच्या आड एक अधिक ठोस भीती दडलेली असते, आणि ती बहुतेक वेळा स्त्रीच्या मनात असते. पतीची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर आपल्याला दिवस गेले, तर गाव काय म्हणेल, ही ती भीती होय.

प्रस्तुत लेखात पुरुष नसबंदी म्हणजे नेमके काय, शस्त्रक्रियेच्या दिवशी व त्यानंतर काय अपेक्षित असते, आणि वर उल्लेखिलेल्या भीतीचे शास्त्रीय उत्तर कोणते, याचा ऊहापोह करण्याचा प्रयत्न केला आहे. लेख सर्वसामान्य वाचकासाठी आहे. प्रत्यक्ष निर्णय डॉक्टरांच्या तपासणीनंतरच घ्यावा, हे उघड आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

संततिनियमनाचा विचार महाराष्ट्रात उघडपणे मांडणारे पहिले महत्त्वाचे नाव कोकणातील मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे यांचे आहे. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा अशासकीय ठराव मांडला गेला. तो संमत झाला नाही. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश मानला जातो.

आज आश्चर्य वाटेल, परंतु या कार्यक्रमाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत नसबंदी म्हणजे मुख्यतः पुरुषाचीच नसबंदी होती. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर नसबंदी केंद्रे चालत असत आणि कामावरून परतणारे लोक तेथे शस्त्रक्रिया करून घेत. केरळातील एर्नाकुलम येथे जुलै १९७१ मध्ये भरलेल्या एका शिबिरात महिन्याभरात ६० हजारांहून अधिक पुरुषांच्या शस्त्रक्रिया झाल्या. पुरुष ही शस्त्रक्रिया करून घेतच नाहीत, हे विधान त्यामुळे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

चित्र पालटले ते आणीबाणीत. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या होत्या. शिक्षक, तलाठी, पोलीस यांना उद्दिष्टे नेमून देण्यात आली. माणसे धरून आणली गेली. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील सक्तीच्या शस्त्रक्रियांची त्या काळी मोठी चर्चा झाली. १९७६ मध्ये राज्य विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पुढच्याच वर्षी देशभरातील शस्त्रक्रियांचा आकडा दहा लाखांच्या आत आला. 'कुटुंबनियोजन' हा शब्दच इतका बदनाम झाला की शासनाने त्याजागी 'कुटुंबकल्याण' हा शब्द आणला. आज आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लाल त्रिकोणाशेजारी जो शब्द आपण वाचतो, त्याचा जन्म असा आहे.

सक्तीचा भार पुरुषांवर पडला होता. माघारीनंतर कार्यक्रमाचा संपूर्ण भार स्त्रियांवर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत (१९९२-९३) देशातील पुरुष नसबंदीचे प्रमाण ३.४ टक्के होते. पुढील फेऱ्यांत ते १.९, १.० आणि ०.३ असे उतरत गेले, आणि पाचव्या फेरीतही ०.३ वरच राहिले. गंमत अशी की, नेमक्या याच काळात शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा कितीतरी सोपी झाली होती. चीनमधील शल्यचिकित्सक डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये चाकूने छेद न घेता करावयाची पद्धत विकसित केली. नव्वदच्या दशकात ती भारतात आली आणि 'बिनटाका पुरुष नसबंदी' या नावाने शासकीय रुग्णालयांतून उपलब्ध झाली.

शरीरात नेमके काय बदलते

वृषणात दोन स्वतंत्र कामे चालतात. एक, शुक्राणू तयार करणे. दुसरे, टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करून ते थेट रक्तात सोडणे. आवाज, दाढीमिशा, स्नायूंची ताकद, कामेच्छा या साऱ्यांचा संबंध दुसऱ्या कामाशी आहे. शुक्राणू मात्र रक्तात जात नाहीत. ते वृषणास लागून असलेल्या अधिवृषणात परिपक्व होऊन शुक्रवाहिनी नावाच्या नळीतून वर चढतात. ही नळी प्रत्येक बाजूस एक अशी असते. कातडीखाली बोटांनी चाचपल्यास सुतळीसारखी ताठ लागते. ती जांघेतून ओटीपोटात शिरते, मूत्राशयाच्या मागून फिरते आणि शेवटी मूत्रमार्गास मिळते. वाटेत वीर्याशय व पुरःस्थ ग्रंथी यांचा द्रव तिच्यातील शुक्राणूंना मिळतो. वीर्य म्हणून जे ओळखले जाते त्याचा बहुतांश भाग हा द्रवच असतो. शुक्राणूंचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी असतो.

नसबंदीत या दोन नळ्या तेवढ्या बंद केल्या जातात. वृषण काढले जात नाहीत, रक्तवाहिन्या बांधल्या जात नाहीत, संप्रेरकाच्या निर्मितीस धक्का लागत नाही. शुक्राणू पुढेही तयार होत राहतात आणि शरीर ते जागच्या जागी शोषून घेते. वीर्याचे प्रमाण, रंग, स्खलन यांत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. बैलाच्या खच्चीकरणाशी या शस्त्रक्रियेची तुलना खेड्यापाड्यांत आजही केली जाते, म्हणून एवढ्या विस्ताराने हे लिहिले. खच्चीकरणात वृषणच निकामी केला जातो. येथे त्याला हातही लागत नाही.

कोण करून घेऊ शकतो आणि पूर्वतयारी

शासकीय कार्यक्रमाच्या निकषांनुसार पुरुष विवाहित (अथवा पूर्वी विवाह झालेला) व साठ वर्षांच्या आतील असावा, दाम्पत्यास किमान एक अपत्य असावे व त्याचे वय एक वर्षाहून अधिक असावे, आणि पत्नीची नसबंदी आधी झालेली नसावी. दोन मुलगे असलेच पाहिजेत, अशी अट कोठेही नाही; ती अट आपल्या डोक्यात आहे. पत्नीची संमती कायद्याने आवश्यक नसली तरी समुपदेशनास दोघांनी मिळून जावे हे श्रेयस्कर, आणि त्याचे कारण पुढे येईलच. संमतीपत्र मराठीत असते. ते वाचून मगच सही करावी. सही केल्यानंतरही, अगदी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईपर्यंत, विचार बदलण्याचा पूर्ण अधिकार असतो. नकार दिल्यामुळे अन्य कोणतीही सरकारी सेवा थांबत नाही.

ही शस्त्रक्रिया कायमची समजूनच करावी. नळ्या पुन्हा जोडण्याची सूक्ष्मशस्त्रक्रिया अस्तित्वात आहे. मात्र ती अवघड, मोजक्या ठिकाणी होणारी आणि अपत्यप्राप्तीची हमी न देणारी आहे. जितकी वर्षे अधिक लोटतील तितकी शक्यता कमी. मनात किंचित जरी किंतु असेल तर निरोध किंवा तांबी यांसारखी तात्पुरती साधने उपलब्ध आहेत.

डॉक्टर प्रथम तपासणी करतात. अंडवृद्धी, अंतर्गळ, जांघेत किंवा अंडकोशाच्या कातडीवर गजकर्णासारखा संसर्ग असल्यास आधी त्याचा उपचार केला जातो. सिंधुदुर्ग हा हत्तीरोगाचा प्रादुर्भाव नोंदविला गेलेल्या जिल्ह्यांपैकी एक असल्याने ही तपासणी येथे विशेष महत्त्वाची ठरते, कारण हत्तीरोगाने कातडी जाड झाली असेल तर नळी हाती लागणे कठीण जाते. मधुमेह, रक्तस्रावाची प्रवृत्ती, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, एखाद्या औषधाची ॲलर्जी यांची माहिती आपणहून द्यावी. आदल्या दिवशी जांघेतील केस कात्रीने बारीक करावेत, सकाळी साबणाने स्नान करावे, हलकी न्याहारी करून जावे. पोट रिकामे ठेवण्याची गरज नसते. घट्ट बसणारी लंगोटासारखी अंतर्वस्त्रे सोबत न्यावीत; त्यांचा उपयोग आधारासाठी होतो. परतताना स्वतः दुचाकी चालवू नये. प्रशिक्षित शल्यचिकित्सक कोणत्या दिवशी आणि कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहेत, याची चौकशी गावच्या आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात केल्यास ओरोसची विनाकारण फेरी वाचते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. भूल फक्त त्या जागेपुरती दिली जाते. जंतुनाशकाने जागा स्वच्छ केल्यावर डॉक्टर तीन बोटांच्या पकडीने एका बाजूची शुक्रवाहिनी कातडीखाली मध्यरेषेजवळ आणून धरतात आणि बारीक सुईने तेथे लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. संपूर्ण प्रक्रियेतील खरी टोचणी हीच. ती काही सेकंद टिकते. त्यानंतर कडीच्या आकाराच्या चिमट्याने नळी पकडून, टोकदार चिमट्याने कातडीला छिद्र पाडून ते किंचित रुंदावले जाते. त्यातून नळीचा लहानसा वेढा बाहेर काढला जातो, दोन ठिकाणी दोऱ्याने बांधून मधला साधारण एक सेंटिमीटरचा तुकडा कापून काढला जातो, आणि टोके पुन्हा जुळू नयेत म्हणून त्यांच्या मध्ये नळीवरील पातळ आवरणाचा पडदा ओढून घेतला जातो. त्याच छिद्रातून दुसऱ्या बाजूची नळी बाहेर काढून तसेच केले जाते. छिद्र इतके लहान असते की टाका घालावा लागत नाही; थोडा वेळ दाबून धरून पट्टी लावली की काम संपते. यास दहा ते पंधरा मिनिटे लागतात. त्यानंतर अर्धा तास ते तासभर देखरेखीखाली थांबवून घरी सोडतात.

प्रस्तुत लेखकाने ही शस्त्रक्रिया स्वतः करून घेतली आहे. नळी ओढली जात असताना ओटीपोटात, जणू आतून कोणी दोरी खेचावी तशी, एक विचित्र कळ जाणवली. ती तीव्र नव्हती, पण अनपेक्षित होती, आणि तिच्याविषयी कोणीच आधी सांगितले नव्हते. अशी कळ येणे स्वाभाविक आहे; ती आली म्हणजे काही बिघडले असे समजू नये. घाम फुटल्यासारखे, गरगरल्यासारखे वाटल्यास तत्काळ सांगावे. काही जणांना भीतीनेच तसे होते.

तुलनेसाठी हे लक्षात घ्यावे की, स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या पोकळीत शिरावे लागते आणि भुलीचे प्रमाणही अधिक असते. छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये झालेल्या शिबिरात एका दिवसात ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या व त्यानंतर तेथे अनेक स्त्रियांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास प्रकरणात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

पहिला आठवडा आणि कोकणातील कामे

पहिले दोन दिवस विश्रांती, आधार देणारी अंतर्वस्त्रे आणि डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या एवढे पुरते. कापडात गुंडाळून बर्फ शेकल्यास सूज कमी राहते. दुसऱ्या दिवसापासून स्नान करता येते, मात्र पट्टी भिजू देऊ नये. थोडी सूज, निळसर डाग, बसता-उठता जडपणा हे सर्व आठवड्याभरात ओसरते. सूज भराभर वाढणे, ताप, जखमेतून पू किंवा थांबत नसलेले रक्त, असह्य वेदना यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्त साकळणे किंवा जंतुसंसर्ग अशा तक्रारी शंभरात एकदोघांना होतात व उपचाराने बऱ्या होतात. शंभरात एखाद-दुसऱ्यास महिनोन्महिने रेंगाळणारी वेदना राहू शकते. हे प्रमाण थोडे असले तरी ते लपवून ठेवण्याचे कारण नाही.

बैठे काम ४८ तासांनंतर सुरू करता येते. सायकलसह अंगमेहनतीची सर्व कामे आठवड्यानंतर. शासकीय कर्मचाऱ्यांना यासाठी विशेष नैमित्तिक रजा मिळते. ज्याला रजा नाही त्याचे काय? मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा, माडावर चढणारा, जांभ्याच्या खाणीत चिरे उचलणारा मनुष्य याच प्रश्नावर अडतो. 'कर्तो माणूसच बसलो तर घर चलतला कसा?' हा मालवणी प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर वेळ निवडण्यात आहे. मच्छीमारास पावसाळी मासेमारीबंदीचा काळ आहे. शेतकऱ्यास भातकापणी आटोपल्यावर सवड असते, आणि दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या दिवसांत पाळला जाणारा शासनाचा पुरुष नसबंदी पंधरवडा त्याच सुमारास येतो. चाकरमान्यास गणपतीची सुट्टी सोयीची वाटते. ती अयोग्य नाही. मात्र शस्त्रक्रिया विसर्जनानंतर करावी, कारण मूर्ती उचलण्याच्या वेळी हात आखडता घेणाऱ्या पुरुषास दहा जणांना कारण सांगत बसावे लागते. शिवाय आठवडाभराने होणारी तपासणी उरकूनच मुंबईची गाडी पकडावी.

एका मुद्द्याचा येथेच निकाल लावणे बरे. शस्त्रक्रियेने कायमचा अशक्तपणा येतो, या समजुतीस आधार नाही. टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही, तर ताकद कमी होण्याचे कारणच उरत नाही. या समजुतीचा उलटा हिशेब कोणी मांडत नाही, याचे मात्र नवल वाटते. पोटाची शस्त्रक्रिया झालेली स्त्री थोड्याच दिवसांत डोक्यावर भारा घेऊन घाटी चढू लागते, आणि तिच्या अशक्तपणाविषयी घरात चर्चा होत नाही. पाचव्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील सुमारे ३५ टक्के पुरुषांनी गर्भनिरोधन ही स्त्रीने पाहावयाची बाब आहे, या विधानास होकार दिला होता.

तीन महिने

आता मूळ भीतीकडे वळू. कोकणातील बागायतदार पाटाच्या पाण्यावर पोफळी जगवितो. पाटाचे तोंड वरच्या अंगाला बांधले तरी खालच्या अंगाला साचलेले पाणी काही काळ बागेत उतरतच राहते. शुक्रवाहिनीचेही तसेच आहे. जेथे ती बांधली जाते, त्याच्या पुढील भागात आधीच पोहोचलेले शुक्राणू शिल्लक असतात. ते संपेपर्यंत पुरुष गर्भधारणेस कारणीभूत ठरू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर तीन महिने निरोध किंवा अन्य साधन वापरणे अनिवार्य आहे. शरीरसंबंधास बंदी नसते. दोनतीन दिवसांनी, त्रास नसल्यास, तो ठेवता येतो. मात्र संरक्षणाशिवाय ठेवू नये. तीन महिन्यांनंतर वीर्यतपासणी करून त्यात शुक्राणू नाहीत अशी खात्री झाल्यावरच नसबंदी पूर्ण झाली असे मानावयाचे.

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. लेखकास घरी सोडताना जो कागद देण्यात आला, त्यावर गोळ्यांची नावे होती, तीन महिन्यांनंतरची तारीख नव्हती. ती विचारून लिहून घ्यावी लागली. पुढे तपासणी केली तेव्हा अहवालात मोजके शुक्राणू आढळले. महिन्याने पुन्हा केलेल्या तपासणीत ते नव्हते. तारीख विचारली नसती तर तो महिना कोणत्या भरवशावर गेला असता, हा विचार अजूनही अस्वस्थ करतो. अशा प्रसंगी अहवाल स्वच्छ येईपर्यंत दर महिन्यास तपासणी करावयाची व तोवर साधन वापरावयाचे असते. सहा महिन्यांनंतरही हलणारे शुक्राणू दिसत असल्यास शस्त्रक्रिया अयशस्वी समजून ती पुन्हा करावी लागते.

चाकरमान्याच्या घरी हा प्रश्न अधिक नाजूक होतो. गणपतीत शस्त्रक्रिया करून तो मुंबईस जातो आणि शिमग्याला परततो. मधे सहा महिने लोटले, म्हणजे आता धोका नाही, असे दोघेही समजतात. परंतु तीन महिन्यांचा ठोकताळा नियमित सहजीवनावर बेतलेला आहे. स्खलनच क्वचित झाले असेल तर नळीच्या पुढील भागातील शुक्राणू निघून जाण्यास अधिक काळ लागू शकतो. म्हणून दूर राहणाऱ्या पुरुषाने दिनदर्शिकेवर न विसंबता तपासणीवर विसंबावे. ही तपासणी मुंबईतील सरकारी अथवा महानगरपालिकेच्या रुग्णालयात किंवा साध्या प्रयोगशाळेतही होते. अहवाल शस्त्रक्रिया झालेल्या संस्थेत दाखविल्यावरच नसबंदीचे प्रमाणपत्र मिळते.

तपासणी न करता संबंध आला आणि गर्भ राहिला, तर गावात काय घडते याची कल्पना करणे कठीण नाही. पती बाहेरगावी, त्याची शस्त्रक्रिया झालेली सर्वांना ठाऊक, आणि बाई गरोदर. स्पष्टीकरण देण्याची वेळ तिच्यावर येते, आणि ज्या शुक्रवाहिनीत ते स्पष्टीकरण असते ती कोणी तपासत नाही. आपल्यावर हा प्रसंग येऊ नये, म्हणून कित्येक स्त्रिया पतीस थांबवून स्वतःच शस्त्रक्रियेस जातात. पुरुषाची वीर्यतपासणी ही त्यामुळे तिच्या प्रतिष्ठेचीही बाब ठरते. समुपदेशनास दोघांनी मिळून जावे, असे वर म्हटले ते एवढ्यासाठीच. तीन महिन्यांचा नियम तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेला असावा, आणि शक्य तर सासूनेही.

शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्यास

अहवाल स्वच्छ आल्यानंतरही क्वचित कापलेली टोके आपोआप जुळतात. याचे प्रमाण साधारण दोन हजारांत एक इतके आहे. स्त्रीच्या नसबंदीतही अपयश येते, किंबहुना अधिक येते; परंतु तेथे कोणी संशय घेत नाही, इतकाच फरक. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या पत्नीस पाळी चुकल्याचे लक्षात आले तर तिने लगेच आरोग्य केंद्रात जावे आणि पतीने त्याच आठवड्यात वीर्यतपासणी करावी. वीर्यात शुक्राणू आढळले की शस्त्रक्रिया निकामी ठरल्याचे कागदावर येते.

केवळ अपयश आले म्हणजे डॉक्टरांचा हलगर्जीपणा सिद्ध होतो असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध शिवराम (२००५) या खटल्यात स्पष्ट केले आहे. तथापि त्याच वर्षी, रमाकांत राय प्रकरणातील आदेशानंतर, नसबंदीतील मृत्यू, गुंतागुंत व अपयश यांसाठी भरपाईची योजना केंद्र शासनाने सुरू केली; २०१३ पासून ती कुटुंबनियोजन क्षतिपूर्ती योजना म्हणून चालते. दावा ठरावीक मुदतीत करावा लागतो व शस्त्रक्रिया झालेल्या संस्थेमार्फत पाठवावा लागतो. त्यासाठी संमतीपत्राची प्रत, वीर्यतपासणीचे अहवाल आणि नसबंदीचे प्रमाणपत्र लागते. प्रोत्साहनपर रक्कम बँकेत जमा झाली की हे कागद सहसा कोठेतरी पडून राहतात, आणि चाकरमान्याच्या बाबतीत बहुधा मुंबईच्या खोलीत. ते गावच्या घरी, पत्नीच्या हाताशी, शिधापत्रिकेसोबत ठेवावेत.